माघातली राखी

शांतता हा शब्द कुणी फार गोड आवाजात उच्चारला की माझं डोकं फिरतं. मी पिंपरीच्या कोर्टात वकिली करते, बहुतेक बायकांच्याच केसेस घेते, आणि मी भांडकुदळ आहे याबद्दल माझ्या सासूबाईंपासून कोर्टाबाहेरच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. असू दे. आमचे वडील जन्मभर आकुर्डीला दुचाकीच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. त्यांना हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही, त्यामुळे आमच्या घरात साधं मीठ मागायचं तरी भांडल्यासारखं मागावं लागायचं. ती सवय राहिली ती राहिलीच.

मॅडमचं अगदी उलट. त्या पुण्याला शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. स्त्रिया आणि शांतता हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. दंगली झालेल्या गावांत जाऊन महिना महिना राहिलेल्या, विधवांच्या चुलीशी बसून त्यांचं ऐकलेलं, त्यावर पुस्तकं लिहिलेली. कायदा शिकत असताना मी त्यांच्या एका शिबिराला गेले आणि तेव्हापासून त्यांच्या मागेमागे हिंडले. त्यांच्याबद्दल मला आदर होता. आजही आहे, फक्त आता तो गुळमुळीत राहिलेला नाही. कुठलंही भांडण समोर आलं की मॅडम म्हणायच्या, "अगं, आधी ऐकू या." मी म्हणायची, आधी गुन्हा दाखल करू या, मग हवं तेवढं ऐका.

ही गोष्ट चाकणजवळच्या एका गावातली. गावाचं नाव घेत नाही, उगाच माझ्यावरच केस व्हायची. गाव कसलं, चहूबाजूंनी कंपन्या आणि मधे भाड्याच्या चाळी. शेतं गेली, पैसा आला, त्या पैशाच्या गावकऱ्यांनी खोल्या बांधल्या आणि त्या खोल्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली माणसं राहतात. भाडं घेताना ती पाहुण्यासारखी वाटतात. भांडण झालं की ती बाहेरची होतात.

ती मुलगी नांदेडकडची. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या कंपनीत कंत्राटावर होती. आई तिथेच कँटीनमध्ये चपात्या लाटायची, भाऊ निघोज्याकडच्या दुसऱ्या कंपनीत, कायम होण्याच्या वाटेवर. तिघं एका खोलीत राहायची. सकाळी कंपनीची बस गावच्या फाट्यावर यायची आणि तिथे एक पोरगा रोज मोटारसायकल आडवी लावून उभा असायचा. हा शांतता समितीच्या अध्यक्षांचा पुतण्या. आधी शिट्ट्या, मग पाठलाग, मग नंबर दे म्हणून धमक्या. एके दिवशी त्याने तिच्या गळ्यातल्या आयकार्डची पट्टी धरली आणि सगळ्या रांगेदेखत तिला जनावरासारखी आपल्याकडे ओढली. मानेवर वळ उठला. तो वळ मी पाहिलाय.

भावाने दुसऱ्या दिवशी त्या पोराला फाट्यावरच धुतला. संध्याकाळी गावातली पोरं चाळीवर दगड घेऊन आली, चाळीतूनही दगड गेले, दोन्हीकडची डोकी फुटली. पोलिसांनी भावावर मारामारीचा गुन्हा त्याच रात्री दाखल केला. मुलीचा मात्र नुसता अर्ज घेतला आणि सांगितलं, "अर्ज चौकशीवर ठेवलाय." चौकशीवर ठेवणं म्हणजे काय, हे लोणचं घालणाऱ्या बाईला बरोबर कळेल.

केस माझ्याकडे आली. मी भावाचा जामीन करून घेतला आणि मुलीच्या अर्जावर गुन्हा नोंदवावा म्हणून पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवू लागले. मॅडमना मीच सांगितलं होतं. त्या लगेच आल्या, चाळीत जाऊन बसल्या, गावकऱ्यांकडेही गेल्या, दोन्हीकडचा चहा प्यायल्या. आणि त्यांनी ठाण्याच्या साहेबांकडे मागणी केली, की शांतता समितीत बायका हव्यात. ज्या मुलीवरून हे सगळं पेटलं असं तुम्ही म्हणता, तिच्या बाजूने बोलणारं तिथे एकही माणूस नाही, हे कसं चालेल?

शांतता समिती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. सण आला किंवा दगड पडले, की पोलीस ठाण्याच्या हॉलमध्ये परिसरातल्या प्रतिष्ठितांना बोलावतात. प्रतिष्ठित म्हणजे ज्यांच्या पोरांमुळे शांतता बिघडते ते. चहा होतो, आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात असं प्रत्येकजण एकदा म्हणतो, फोटो होतो आणि पांगापांग. साहेबांनी मॅडमची मागणी लगेच मान्य केली. मॅडमना आनंद झाला. मला संशय आला, कारण तोच साहेब माझा साधा अर्ज घ्यायला तीन तीन वेळा उद्या या म्हणायचा. असो. मॅडम, मी आणि अध्यक्षांची बायको अशा आम्ही तिघी महिला सदस्य झालो.

पहिली बैठक माघात झाली. हॉल गच्च. पुढच्या रांगेत अध्यक्ष, पांढरे कपडे, कपाळाला बुक्का. मागे गाव. भिंतीला टेकून मुलगी, तिची आई आणि भाऊ. त्यांचा घरमालकही तिथेच होता, अध्यक्षांचा चुलतभाऊच तो. आम्हा तिघींना वर साहेबांच्या शेजारी बसवलं होतं. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात अध्यक्ष उठले.

"आमी साधी मानसं," ते म्हणाले. "कोर्टकचेरी आमाला कळत न्हाई. पोरगं चुकलं, पोरगी बी आमचीच लेक हाय. हिनं त्याला राखी बांधावी, त्यानं हिला बहीण मानावं, इषय संपला. आमी हिच्या भावावरली केस मागं घेतो, ह्यांची खोली बी राहील."

टाळ्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उभी राहून सांगितलं, की मुलीच्या अंगाला हात घालणं हा असा गुन्हा आहे की तो चावडीवर बसून मिटवता येत नाही, आणि पोलीस ठाण्यात तर नाहीच नाही. आधी गुन्हा नोंदवा. साहेब हसून म्हणाले, "वकीलबाई, हे कोर्ट नाहीये. आणि आता महिला सदस्य आहेतच आपल्याकडे, तर हा कार्यक्रम त्यांच्याच हातून होऊ द्या." एवढ्यात कोपऱ्यातून ताट आलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. ताट तयारच होतं. कुणीतरी ते आणून माझ्या पुढ्यात धरलं.

म्हणजे समितीत बायका घ्या म्हटलं, तर ओवाळायला बायका घेतल्या. मी ताटाला हात लावला नाही. मी मॅडमकडे बघितलं. आता तरी ही बाई आवाज चढवेल असं मला वाटलं.

मॅडमनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि हळू म्हणाल्या, "थांब. ही लोकांची आपली रीत आहे. तिला विचारू या." मग त्या मुलीकडे वळल्या आणि अतिशय मायेने, भर सभेत विचारलं, "बाळा, तुला हे चालेल का? तुझ्या मनाविरुद्ध काही होणार नाही."

मुलीने भावाकडे पाहिलं. भावाने खाली पाहिलं. आईचा पदर तोंडात होता. मुलीने मान हलवली.

"तिची संमती आहे," मॅडम म्हणाल्या.

संमतीवर या बाईंनी आयुष्यभर लिहिलंय. बळजबरी कशी दिसते, न बोलता होकार कसा काढून घेतला जातो, यावर त्यांची व्याख्यानं ऐकून मी वकील झाले. आणि त्या दिवशी एक हललेली मान त्यांना पुरली. मी काय बोलणार? वकील मुलीची, मुलगीच हो म्हणाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तिला, आणि मलाही.

माघात राखी कुठली मिळणार? कुणीतरी जनरल स्टोअरमधून गेल्या श्रावणातली उरलेली आणली. लहान पोरांसाठीची, मधे प्लास्टिकचं अस्वल आणि बटण दाबलं की लुकलुकणारा दिवा. ती राखी त्या धटिंगणाच्या मनगटावर बांधली गेली, दिवा लुकलुकला, लोक हसले. ताट शेवटी मुलीच्या आईने धरलं. निरांजन दोनदा विझलं, दोनदा पुन्हा पेटवलं. पोराने ओवाळणी म्हणून पिशवीतली साडी मुलीच्या हातावर ठेवली, जांभळ्या काठाची, चांगली भारीतली. साडीही आधीच आणून ठेवलेली होती. बैठक कशासाठी भरवली होती, देव जाणे. अध्यक्षांची बायको त्या साडीकडे टक लावून बघत होती, ते माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. फोटो निघाला. मी त्यात नाही. मॅडम आहेत.

मी निघताना मुलीला माझा नंबर पुन्हा एकदा दिला आणि काही लागलं तर कुणालाही न विचारता फोन कर म्हटलं.

तिचा फोन फाल्गुनात आला. बसमधून बोलत होती, आवाज दाबून. "वकीलताई, तो रोज फाट्यावर येऊन थांबायलाय. आता हात नाई लावत. आता भाऊ झालाय ना."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मोशीच्या घरून स्कूटर काढली आणि पहिल्या शिफ्टच्या बसआधी फाट्यावर जाऊन उभी राहिले. तो होताच. मनगटावर ती अस्वलाची राखी अजून, मळून काळी झालेली. मुलगी रांगेत आली तसा तो सरळ तिच्यापाशी गेला. काल घरी यायला उशीर का झाला, ओव्हरटाइम कुणाला विचारून केला, बसमध्ये शेजारी कोण बसतो, मोबाइल दाखव. तिने मोबाइल दिला. दिला, कारण आदल्याच आठवड्यात तिच्याशी हसून बोलला म्हणून तिच्या लाइनवरच्या एका मुलाला त्याने इथेच कानाखाली वाजवली होती आणि रांगेतल्या कुणी ब्र काढला नव्हता. भाऊच तो, बहिणीची काळजी घेतोय, मधे कोण पडणार? आधी तो गुंड होता, तेव्हा निदान लोक चार शिव्या तरी घालायचे.

मी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि मुलीला दिला. त्याने मला ओळखलं. अगदी अदबीने म्हणाला, "ताई, तुमच्या समोरच बांधली ना राखी? बहीण हाय माझी. भावानं विचारायचं न्हाई तर कुनी विचारायचं?"

मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. त्याचा उपयोगही झाला नाही. तिथून थेट ठाण्यात गेले, तर साहेबांनी ऐकून घेतलं, टेबलावरची काच पुसली आणि विचारलं, "भाऊ बहिणीची चौकशी करतो. यात मी कलम कुठलं लावू, सांगा."

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. त्या मुलीचं पुढे काय होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. आधी ओव्हरटाइम सुटेल, मग नोकरी, मग हा राखीचा भाऊच एखादा मुलगा शोधून आणेल आणि शांततेत लग्न लावून देईल. तिला फक्त घरातून निघून कामावर जायचं होतं. एवढंच. चंद्र मागितला नव्हता पोरीने.

त्याच दिवसांत आकुर्डीच्या एका कॉलेजात परिषद होती. समाजात शांतता उभारण्यात स्त्रियांचा सहभाग, असा काहीतरी विषय. मॅडम मुख्य वक्त्या. मी मागे बसले होते. मॅडमनी पडद्यावर फोटो लावला. तोच हॉल, तेच ताट, ती लुकलुकणारी राखी. मॅडम सांगत होत्या, की कायद्याच्या कोरड्या भाषेत जे जमलं नसतं ते एका धाग्याने कसं जमलं, आणि हे केवळ समितीत बायका असल्यामुळे शक्य झालं.

मी उभी राहिले. फाट्यावर काय चाललंय ते सगळं सांगितलं. मोबाइल, ओव्हरटाइम, कानाखाली वाजलेली. आवाज चढलाच. सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, "मॅम, प्रश्न थोडक्यात विचारा प्लीज." मी म्हटलं, प्रश्न नाहीये, बातमी आहे.

नंतर व्हरांड्यात मॅडम मला गाठून म्हणाल्या, "तू मला एकटीला सांगायला हवं होतंस."

"तुम्ही तिला एकटीला विचारलं होतंत?" मी म्हटलं.

"तिने मान हलवली होती."

"समोर अख्खं गाव, शेजारी घरमालक, भाऊ जामिनावर. मान नाही हलवणार तर काय करणार?"

"तू चिडली आहेस. आत्ता बोलण्यात अर्थ नाही. मला तिचं ऐकावं लागेल."

"आता ऐकायला जाल ना, तर फाट्यावर जा. तिच्या त्या राखीच्या भावालाही ऐकायला मिळेल."

त्या निघून गेल्या. मी फोन केला नाही, त्यांनीही केला नाही. इतक्या वर्षांची माणसं, पण मला त्या दिवशी त्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती. गावगुंडांचा मला कधी इतका राग येत नाही. ते त्यांच्या जातीवर गेले, एवढंच. आपल्या माणसाने हात वर केले की जास्त लागतं.

मी मुलीला एकदा माझ्या घरी बोलावलं, तिच्या आईला आणि भावालाही. आमच्याशिवाय कुणी नव्हतं. मी सरळ सांगितलं, की गुन्हा आजही नोंदवता येतो, राखीने कायदा बदलत नाही. पण मग गाववाले भावावरची केस चालवणार, त्याचं कायम होणं अडकणार, खोली तर जाणारच. हे मी गोड करून सांगितलं नाही. भाऊ बहिणीला म्हणाला, "माझ्यापाई बांधलीस तू. मला नको तसली नोकरी." आई म्हणाली, खोली मोशीला बघू, भाकरी काय कुठंबी भाजता येती. मुलीने चहाचे कप विसळून ठेवले आणि जाताना विचारलं, पुढची बैठक कधी आहे.

पुढची बैठक चैत्रात होती, गावच्या जत्रेआधी. तेच लोक, तोच चहा. मॅडम आधीच येऊन बसलेल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. जत्रेत कुस्त्या कुठे आणि तमाशा कुठे हे चाललं असताना मुलगी आत आली. पहिली शिफ्ट सुटून थेट आलेली, अंगात कंपनीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड. हातात प्लास्टिकची पिशवी. ती सगळ्या रांगा ओलांडून पुढे आली आणि पिशवी साहेबांच्या टेबलावर ठेवली. आत ती जांभळ्या काठाची साडी, घडीसुद्धा न मोडलेली.

"ओवाळणी परत," ती म्हणाली. "आता माझी तक्रार घ्या."

अध्यक्ष उठले, गोडच बोलले. "आगं पोरी, ओवाळणी अशी माघारी देत न्हाईत. लई वंगाळ असतं. भावाच्या जिवाला घोर लागतो."

"त्यो भाऊ नाई माझा. माझा भाऊ बाहेर उभाय."

मग ज्या बाईचा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, ती अध्यक्षांची बायको माझ्या शेजारून उठली. टेबलापाशी गेली, पिशवीतली साडी काढली, उलटून पालटून बघितली आणि काखेत मारली. "माझी हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "भाऊबीजंला माझ्या भावानं दिल्याली. कपाटात शोधू शोधू मेले मी." आणि जागेवर येऊन बसली. अध्यक्षांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी हसले, लपवलंसुद्धा नाही.

साहेबांनी शेवटचा उपाय म्हणून मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हीच समजवा हिला. तुमच्याच पुढाकाराने मिटलं होतं. गावाची शांतता आहे शेवटी."

मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणतील, ऐकू या. त्या म्हणाल्या, "मी तिला चुकीच्या ठिकाणी विचारलं होतं. तिची तक्रार लिहून घ्या." आवाज हळूच होता. पण मागच्या रांगेपर्यंत गेला. उशिरा बोलल्या, फार उशिरा, आणि मी त्याचं कौतुक करणार नाही. त्यांच्याशी मी आजही जेवढ्यास तेवढंच बोलते.

अशी तक्रार महिला पोलिसानेच लिहायची असते, याची मी साहेबांना मोठ्याने आठवण करून दिली. त्यांनी आतून एका पोलीसबाईंना बोलावलं. शेजारच्या खोलीत मुलगी त्यांच्यासमोर बसली, मी तिच्या मागे उभी. दार उघडं होतं, बाहेर अध्यक्ष फोनवर कुणाला तरी ओरडत होते, घरमालक आईला महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगत होता. तो पोरगा दारातून आत डोकावून बघत होता, मनगटावरचं अस्वल घेऊन.

पोलीसबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी नाव, गाव, वय विचारलं. काय झालं ते विचारलं. मुलीने फाटा सांगितला, आयकार्डची पट्टी सांगितली, मानेवरचा वळ सांगितला, नंतरचा मोबाइल, नंतरची चौकशी, सगळं सांगितलं. बाई लिहीत गेल्या. मग पेन थांबवून, नेहमी विचारतात तसं, वर न बघताच त्यांनी विचारलं, "आरोपी नात्याने तुझा कोण लागतो?"

मुलीने दाराकडे बघितलं. तो तिथेच उभा होता.

"कोणी नाई," ती म्हणाली. "तसंच लिहा."